बॉबी राजदूतचे शॉकअप

आमच्या गोंदियात अजूनही कुणी जुनी, बुटकी, जाडजूड राजदूत रस्त्यावर काढली की पन्नाशी ओलांडलेली माणसं मान वळवून बघतात आणि म्हणतात, ‘‘अरे, बॉबी!’’ गाडीचं खरं नाव राजदूत जीटीएस १७५. पण १९७३ साली राज कपूरच्या ‘बॉबी’त ऋषी कपूर आणि डिंपल तिच्यावरून हिंडले आणि कंपनीनं दिलेलं नाव लोक विसरूनच गेले. पोलंडच्या एसएचएल गाडीवरून एस्कॉर्ट्सनं आपल्याकडे राजदूत आणली. तिचंच हे छोटं भावंड. इंजिन मोठ्या बहिणीचं, अंग मात्र लहान मुलाचं.

माझ्याकडची गाडी बाबांची. कित्येक वर्षं ती धानाच्या कोठीत पोत्यांमागे उभी होती. इंजिन सुरू झालं त्या दिवशी बाबा म्हणाले, ‘‘मला एकदा मागं बसवून शेतावर ने.’’ वय अठ्ठ्याहत्तर, कंबर दुखरी. मी त्यांना नेलं, पण गल्लीच्या टोकापर्यंतच. पहिल्याच खड्ड्यात ते कळवळले आणि उतरून चालत घरी आले. शॉकअपचं प्रकरण सुरू झालं ते तिथून.

आधी एक गोष्ट लक्षात घ्या. चाक लहान असलं की खड्डा मोठा होतो. मोठं चाक ज्या खड्ड्यावरून अर्धवट तरंगत जातं, त्यात लहान चाक खोल उतरतं आणि पलीकडच्या काठावर जाऊन आदळतं. म्हणून या गाडीला शॉकअप मोठ्या मोटारसायकलपेक्षाही चांगले हवेत. शॉकअपमध्ये कामं दोन चालतात. स्प्रिंग धक्का झेलते, आणि झेललेला धक्का परत फेकते. ते फेकणं आवरायचं काम आतल्या तेलाचं. बारीक छिद्रांतून तेल जाताना अडखळतं आणि स्प्रिंगचा जोर उष्णतेत जिरतो. सील गेलं, तेल गळलं, की उरते ती नुसती स्प्रिंग. गाडीची मागची बाजू दाबून सोडा. एकदा वर येऊन बसली तर ठीक. घोड्यासारखी डुलत राहिली तर शॉकअप संपला. माझी डुलत होती.

मग मी तेच केलं जे सगळे करतात. भंगारातून एका मोठ्या मोटारसायकलचे शॉकअप आणले. दोन बोटं लांब आणि चांगलेच कडक. बसले, गाडी उंच दिसू लागली, मी खूश. गोरेगावच्या रस्त्याला लागलो आणि वेग थोडा वाढताच हँडल हातात थरथरू लागलं. समोरून ट्रक येत होता. गाडी कशीबशी कडेच्या मातीत उतरवली. बाबा मागे नव्हते, एवढंच नशीब.

कारण घरी येऊन कळलं. पुढचा फोर्क तिरका असतो. त्याची रेष खाली वाढवली तर ती चाक टेकतं त्या जागेच्या थोडी पुढे जमिनीला लागते. हे अंतर चाकाला सरळ ठेवतं. मागची बाजू उचलली की गाडी नाक खाली घालते, फोर्क उभा होतो आणि ते अंतर कमी होतं. दोन चाकांमधलं अंतर मुळातच कमी असलेल्या गाडीत दोन बोटांचा फरकही फार. शिवाय कडक स्प्रिंगमुळे चाक खड्ड्यावर जमीन सोडत होतं.

दुसऱ्या वेळी घाई केली नाही. आधी मागचं चाक धरणारा चिमटा हातानं आडवा हलवून पाहिला. बुश झिजलेले होते. ते बदलल्याशिवाय नवे शॉकअप म्हणजे मोडक्या दाराला नवी कडी. मग मूळ शॉकअपची डोळ्यापासून डोळ्यापर्यंतची लांबी मोजून तेवढ्याच लांबीची, मऊ स्प्रिंगची जोडी शोधली. जोडीच, एक नवा, एक जुना कधीही नाही. स्प्रिंग चेनला किंवा मडगार्डला घासत नाही ना, हे गाडी पूर्ण दाबून पाहिलं. फ्रेमला कापणं-वेल्डिंग करायला एक मिस्त्री तयार होता, मी नाही म्हटलं. मोटार वाहन कायद्याच्या ५२व्या कलमाचा प्रश्न आहेच, पण जुन्या लोखंडाचा भरवसा त्याहून कमी.

शेवटी माप. चाक अधांतरी असताना एक्सलपासून सीटखालच्या खुणेपर्यंत मोजा, मग माणूस बसवून मोजा. चाकाची एकूण हालचाल समजा ७५ मिलिमीटर असेल, तर बसल्यावर २० ते २५ मिलिमीटर दबायला हवं. कमी दबलं तर स्प्रिंग कडक. फार दबलं तर खड्ड्यात तळाला आपटणार. शॉकअपचं कडं फिरवून स्प्रिंग कडक होते हा गैरसमज आहे. त्यानं गाडीची उंची बदलते, स्प्रिंग तीच राहते. मी माप घेतलं ते बाबांना मागे बसवून, कारण शॉकअप त्यांच्यासाठी होते.

चेनचा ताणही तसाच, दोघं बसलेले असताना पाहिला. चिमटा वर-खाली होताना एका जागी चेन सर्वांत जास्त ताणली जाते. रिकाम्या गाडीवर ती ठीक वाटली, तरी खड्ड्यात तुटू शकते. बाबा सीटवर बसून विचारत होते, ‘‘झालं का? उन्हं चढायच्या आत पोचायला हवं.’’ बांधावरून परतताना त्यांनी एकदाच तक्रार केली. ती माझ्या गिअर बदलण्याबद्दल होती.