निमित्त आणि कारण: रुग्णालयातल्या बाळांच्या मृत्यूंविषयी

३० सप्टेंबर ते १ ऑक्टोबर २०२३ या २४ तासांत नांदेडच्या शासकीय रुग्णालयात २४ रुग्ण दगावले. त्यांत १२ नवजात बाळं होती. पुढे काय झालं? एका खासदारांनी अधिष्ठात्यांना शौचालय साफ करायला लावलं. औषधं होती की नव्हती, यावर वाद रंगला.

‘तापाचं निमित्त झालं’ असं आपण म्हणतो. म्हणजे निमित्त वेगळं आणि कारण वेगळं, हे आपल्या भाषेला ठाऊक आहे. न्यायदर्शनात कारणाला ‘नियत पूर्ववृत्ती’ म्हणतात: कार्याच्या आधी नेमानं हजर असतं ते. कुंभाराचं गाढव योगायोगानं जवळ उभं होतं, म्हणून ते मडक्याचं कारण ठरत नाही.

मग गरीब देशांतल्या रुग्णालयांत बालमृत्यूआधी नेमानं काय दिसतं? अपुऱ्या दिवसांचं, कमी वजनाचं बाळ. जन्मताना श्वास कोंडणं. जंतुसंसर्ग. थोड्या मोठ्या मुलांत न्यूमोनिया, जुलाब आणि त्यामागे कुपोषण. शिवाय कित्येक मुलं दाखल झाल्यावर पहिल्या २४ तासांतच जातात, कारण उशीर आधीच झालेला असतो. २०२२ मध्ये जगात पाच वर्षांखालची सुमारे ४९ लाख मुलं गेली. जवळपास निम्मी महिन्याचीही नव्हती.

आपल्या वाळूजचंच बघा. एमआयडीसीत कंत्राटावर काम करणाऱ्या बाईला सातव्या महिन्यात कळा आल्या, असं धरू. जवळच्या दवाखान्यानं ‘घाटीत न्या’ म्हणून सांगितलं. गाडी शोधण्यात वेळ गेला, बाळ वाटेतच गार पडलं. नोंद मात्र घाटीच्या खात्यावर.

पण ‘शेवटच्या घटकेला आणलं’ ही सबबही होऊ शकते. एका नर्सकडे किती बाळं, एका वॉर्मरवर किती, हात धुतले जातात का, हीसुद्धा नेमानं हजर असणारी कारणंच. भंडाऱ्यात ९ जानेवारी २०२१ ला नवजात कक्षाला आग लागून १० बाळं गेली. तिथे आईबापांच्या उशिराचा काय संबंध?

गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी आधी गावोगावचे मृत्यू मोजले, मग गावातल्याच बायकांना नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवलं. तिसऱ्या वर्षी तिथला नवजात मृत्युदर तुलनेसाठी घेतलेल्या गावांच्या निम्म्याहून कमी होता.

म्हणून एका दिवसाच्या आकड्यावर संतापून थांबू नका. दर महिन्याला विचारा: किती बाळं गेली, वजन किती होतं, कुठून आली, पोचल्यावर किती तास जगली? बालमृत्यू अन्वेषणाची पद्धत सरकारी नियमांत आहेच. विचारणारं कुणीतरी हवं.