अमकी वाडी कुणाकडे?

दिवेआगरात वाडी म्हणजे नारळ-सुपारीची बाग आणि वाडी म्हणजे वस्तीही. निवडणूक आली की चर्चा दुसऱ्या वाडीची होते. ‘अमकी वाडी कुणाकडे?’ हाच प्रश्न. एकट्या माणसाचं मत क्वचितच कुणी विचारतं.

दिवेआगर रायगड लोकसभा मतदारसंघात येतं. तिथे सुनील तटकरे आणि अनंत गीते लागोपाठ तीनदा समोरासमोर आले. २०१४ला गीते अवघ्या २,११० मतांनी जिंकले. २०१९ला तटकरे ३१,४३८ मतांनी आले. तेव्हा काँग्रेस त्यांच्यासोबत, तर गीते भाजपसोबत. २०२४ला दोघांचे हे मित्रपक्ष नेमके उलटे झाले, तरी तटकऱ्यांचं मताधिक्य ८२,७८४वर गेलं. निष्ठा निव्वळ पक्षावर असती, तर हे घडलं नसतं. मित्रपक्ष बदलले, ‘आपला माणूस’ ठरवणारी नाती बरीचशी जागच्या जागी राहिली.

ही नाती रोजच्या जगण्यातली आहेत. होळी, पालखी, पाखाडीचं काम, कुणाची मयत, सगळं गावकी बघते. गाव सोडून गेलेल्या चाकरमान्यांची मुंबईत मंडळं असतात. कुणबी समाजोन्नती संघाची स्थापना तर १९२०ची. जिथे अडीअडचणीला हीच माणसं धावून येतात, तिथे मतही त्यांच्याशी बोलून ठरणं स्वाभाविक आहे. त्याला अडाणीपणा म्हणणं मला मुळीच मान्य नाही. हे फक्त इथलंच नाही. १९४०च्या अमेरिकी निवडणुकीत समाजशास्त्रज्ञ पॉल लाझार्सफेल्ड यांनी ओहायोतल्या एका काउंटीत तीच माणसं महिनोन्‌महिने पुन्हा पुन्हा गाठली. प्रचाराने बाजू बदलणारे थोडेच निघाले. धर्म, सांपत्तिक स्थिती आणि वस्ती यांवरून मताचा अंदाज बऱ्यापैकी बांधता येत होता.

पण ‘आपला’ या शब्दाची कड पक्की नसते. शेजारच्या म्हसळा तालुक्यातल्या आंबेतचे बॅरिस्टर अ. र. अंतुले मुसलमान अल्पसंख्य असलेल्या तेव्हाच्या कुलाबा मतदारसंघातून १९८९, १९९१, १९९६ आणि २००४ला लोकसभेवर गेले. १९८१मध्ये मुख्यमंत्री असताना त्यांनीच कुलाबा जिल्ह्याला रायगड हे नाव दिलं. जातीधर्माहून मोठं ‘आपण’ त्यांनी लोकांपुढे ठेवलं, असं मी मानतो.

पुढे मतदारसंघांची फेररचना झाली. पनवेल, उरण, कर्जत मावळात गेले. रत्नागिरीतले दापोली, गुहागर रायगडात आले. वाड्या होत्या तिथेच होत्या, बेरीज मात्र नवी झाली. २००९ला अंतुले हरले. त्यांना हरवणारे होते अनंत गीते.