माळावरील फुलझुडपे बियांपासून कशी वाढवावीत

इंग्रजी क्रमिक पुस्तकांत आणि गोष्टींत ‘हीथ’ व ‘हेदर’ या झुडपांची नावे विद्यार्थ्यांनी वारंवार वाचली असतील. स्कॉटलंडच्या उजाड टेकड्या उन्हाळ्याच्या अखेरीस या बुटक्या झुडपांच्या जांभळ्या फुलांनी झाकून जातात, असे वर्णन त्यांत असते. हीथ म्हणजे वनस्पतिशास्त्रातील एरिका. हिच्या आठशेंहून अधिक जाती असून त्यांपैकी बहुतेक दक्षिण आफ्रिकेच्या केप प्रांतात उगवतात. स्कॉटलंडातील हेदर ही तिची जवळची आप्त होय. असे सुंदर झुडूप आपल्या घराच्या अंगणात का लावू नये, असा प्रश्न एखाद्या जिज्ञासू विद्यार्थ्याच्या मनात सहज येईल. त्याचे उत्तर देण्यापूर्वी या झुडपाचा स्वभाव पाहिला पाहिजे.

हीथला आंबट गुणाची, म्हणजे आम्लधर्मी जमीन लागते. हवा थंड व मुळाशी ओल सतत राहावी लागते. तिच्या केसासारख्या बारीक मुळांत एक प्रकारची बुरशी वस्ती करून राहते आणि निकस जमिनीतून तिला अन्न मिळवून देते. आपल्या धाराशिव जिल्ह्याची जमीन याच्या अगदी उलट आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हारसाचे थरावर थर साचून जो काळा पाषाण बनला, तो झिजून येथील काळी माती व मुरूम तयार झाले. या मातीत चुनखडीचे खडे सापडतात, विहिरींचे पाणी बहुधा जड असते आणि वैशाखातील ऊन तर सर्वांच्या परिचयाचे आहे. अशा ठिकाणी हीथ लावणे म्हणजे मासोळीस माळावर आणून सोडण्यासारखे आहे.

परंतु एवढ्यावरून निराश होण्याचे कारण नाही. हीथचे खरे वैशिष्ट्य तिच्या रंगात नसून, जेथे दुसरे काही धड उगवत नाही अशा निकस भूमीस ती फुलांनी सजविते, यात आहे. आणि हे काम करणारी झुडपे आपल्या बालाघाटच्या माळांवरही आहेत. तरवड हे त्यांतील सर्वांत परिचित. ज्या मुरमाड उतारावर गवतही विरळ असते तेथे हे पिवळ्याधमक फुलांनी डवरलेले दिसते. कोरांटी पिवळ्या फुलांची व काटेरी असून अबोलीच्या कुळातील आहे. मुरडशेंगेस तांबडी फुले येतात व तिच्या शेंगा दोरीस पीळ द्यावा तशा वळलेल्या असतात. चौथी धायटी, ती महाराष्ट्रातील डोंगरउतारांवर आढळते आणि थंडी सरता सरता तिच्या फांद्या लाल, नळीसारख्या फुलांनी भरून जातात. आयुर्वेदातील आसवे व अरिष्टे आंबविण्यासाठी ‘धातकी’ नावाने जी फुले वापरतात ती हिचीच. ही चारही झुडपे बियांपासून घरच्या बागेत वाढविता येतात. ते कसे, हे सांगणे हा या लेखाचा उद्देश आहे.

कोणी म्हणेल की, माळावर झुडपे आयती उभी असता बियांचा खटाटोप कशाला? एखादे उपटून आणावे आणि लावावे. परंतु हा मार्ग फसवा आहे. माळावरील झुडपाचे सोटमूळ मुरमाच्या भेगांतून खोलवर गेलेले असते. खणताना ते तुटते आणि वर कितीही पाणी घातले तरी झुडूप चार दिवसांत माना टाकते. म्हणजे बागेतही फूल नाही आणि माळावरचेही गेले. बी घेतल्याने मात्र माळाचे काही उणे होत नाही. नांगर, रस्ते व घरे यांच्यायोगे माळ वर्षानुवर्षे आटत चालले असता हा विचार विद्यार्थ्यांनी अवश्य मनात ठेवावा.

आता बियांच्या स्वभावाकडे वळू. ज्याने तरवडाचे बी नुसते मातीत पेरून पाहिले असेल, त्यास पुष्कळदा असा अनुभव येतो की, दहांतील दोन-तीन उगवतात व बाकीची महिनोन् महिने तशीच पडून राहतात. मग बी नासके म्हणून ते टाकून दिले जाते. वस्तुतः ते बी नासके नसते, झोपलेले असते. त्याचे बाहेरचे कवच इतके घट्ट असते की, त्यातून पाण्याचा थेंबही आत शिरत नाही. आणि पाणी शिरल्याशिवाय अंकुर जागा होत नाही. मुरडशेंगेच्या बियांचेही तसेच आहे. निसर्गात हे कवच उन्हाच्या तापाने, रात्रीच्या गारव्याने व खड्यांच्या घासण्याने हळूहळू झिजते. एखादे बी पहिल्या वर्षी, एखादे दुसऱ्या वर्षी, तर एखादे त्याच्याही पुढे जागे होते.

ही व्यवस्था किती शहाणपणाची आहे, हे आपल्या जिल्ह्यातील शेतकऱ्याच्या मुलास निराळे सांगावयास नको. येथे वर्षाकाठी साधारणतः सहाशे ते आठशे मिलिमीटर पाऊस पडतो, पण तो वेळेवर पडेल असा भरवसा नसतो. मृगाची एक सर येते, पेरणी होते, आणि मग तीन आठवडे आभाळ कोरडे राहते. उगवलेले कोवळे पीक जळून जाते व शेतकऱ्यावर दुबार पेरणीचे संकट कोसळते. घरातले बी संपलेले असते, उसने काढावे लागते. तरवडावर मात्र हे संकट येत नाही. तो आपले सगळे बी एकाच सरीच्या हवाली करीत नाही. पहिल्या पावसाने फसविले तरी त्याची दुबार पेरणी, तिबार पेरणी जमिनीत आधीच तयार असते. जे बी आपणास आळशी वाटते, तेच दुष्काळानंतर त्या कुळाचे नाव राखते.

या बाबतीत निरनिराळ्या देशांतील माळांच्या रीती निरनिराळ्या आहेत. केप प्रांतातील माळांना ठराविक काळाने वणवा लागतो, आणि जुनी झुडपे जळून जागा मोकळी झाल्यावरच तेथील पुष्कळ बी उगवते. हे आगीच्या उष्णतेने घडत असावे असा पूर्वी समज होता. परंतु केवळ धुरानेही बी जागे होते, असे तेथील संशोधकांनी १९९० साली दाखवून दिले. आणि धुरातील ज्या द्रव्याच्या अंगी हा गुण आहे त्यांपैकी एक २००४ साली ऑस्ट्रेलियातील शास्त्रज्ञांनी शोधून काढले. तिकडील माळी एरिकासारखे बी पेरताना धुराचे पाणी वापरतात. मात्र यावरून आपल्याकडील माळ पेटविण्यास आधार मिळतो, असे कोणी समजू नये. आपल्या तरवडाचे कुलूप धुराने उघडणारे नव्हे. माळास लावलेल्या आगीत कोवळी रोपे, पक्ष्यांची अंडी व गवत मात्र नाहक जळतात.

बी गोळा करण्याचा काळ हिवाळा व उन्हाळ्याचा आरंभ हा होय. तरवडाच्या चपट्या शेंगा तपकिरी होऊन हालविल्या असता खुळखुळू लागल्या की बी पक्के झाले असे समजावे. एकाच झुडपाचे सर्व बी न ओरबाडता पाच-सहा झुडपांवरून थोडे थोडे घ्यावे व बरेचसे तेथेच राहू द्यावे. कोरांटीचे बोंड वाळले म्हणजे तडकून बी दूर फेकते. म्हणून बोंडे पिकण्याच्या सुमारास फांदीच्या टोकास विरविरीत फडक्याची पुरचुंडी बांधावी. येडशी येथील रामलिंग घाटाचे वन हे अभयारण्य असल्यामुळे तेथून बी अथवा रोप आणू नये. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्यास मनाई आहे. शेताचे बांध व रस्त्यांच्या कडा आपणास पुरेशा आहेत.

आणलेले बी सावलीत वाळवून नीट पाहावे. शेंगांत बारीक किडे शिरून बी पोखरतात. ज्यास भोक पडले असेल ते टाकून द्यावे. उरलेले पाण्यात घालावे आणि तरंगणारे पोचट बी काढून टाकावे. चांगले बी कोरड्या बाटलीत राख घालून ठेवले असता किडीपासून पुष्कळ बचाव होतो.

पेरणी मे महिन्याच्या अखेरीस करावी. तरवड व मुरडशेंग यांच्या बियांचे कुलूप उघडण्याच्या दोन रीती आहेत. पहिली अशी : पाणी उकळून चुलीवरून खाली उतरवावे, त्यात बी टाकावे आणि ते पाणी आपोआप निवेपर्यंत, म्हणजे रात्रभर, तसेच राहू द्यावे. बी चुलीवर शिजवू नये. हे काम लहान मुलांनी एकट्याने न करिता वडील मनुष्याच्या देखत करावे. सकाळी जे बी फुगून मोठे झालेले दिसेल त्यात पाणी शिरले असे जाणून ते लगेच पेरावे. जे फुगले नसेल त्यावर तोच प्रयोग पुन्हा करावा. दुसरी रीत थोड्या बियांसाठी चांगली. बी चिमटीत धरून त्याची एक कड कानशीवर अगर खरबरीत दगडावर किंचित घासावी. आतील फिकट भाग दिसताच थांबावे. ज्या टोकाने बी शेंगेस चिकटलेले होते ते टोक मात्र घासू नये, कारण अंकुर त्याच बाजूस असतो. नंतर बी रात्रभर साध्या पाण्यात भिजत घालावे.

पेरण्यासाठी नुसती काळी माती घेऊ नये. ती ओली असता चिकटते आणि वाळली असता भेगाळते. दोन भाग मुरमाड माती, एक भाग वाळू व एक भाग चांगले कुजलेले शेणखत असे मिश्रण उत्तम. सोटमूळ लवकर खोल जाते म्हणून भांडे उथळ नसावे. बुडास भोके पाडलेला उंच डबा अथवा रोपवाटिकेतील लांब पिशवी चालते. बियांच्या जाडीच्या दुप्पट खोलीवर बी पेरावे व झारीने बेताचे पाणी घालावे. फुगलेले तरवडाचे बी साधारणतः आठवडा-पंधरवड्यात वर येते.

कोरांटीस उष्ण पाण्याची गरज नाही. तिच्या बियांवर चिकटून बसलेले केस असतात. ओल लागताच ते बुळबुळीत होतात आणि बी मातीस धरून राहते. पहिला चांगला पाऊस झाल्यावर तिचे बी कुंपणाच्या कडेस जागच्या जागी टाकले तरी चालते. धायटीचे बी मात्र धुळीसारखे बारीक असते. या बाबतीत तिचे हीथशी साम्य आहे, आणि तिची पेरणीही हीथप्रमाणेच करावी लागते. बी मूठभर कोरड्या बारीक वाळूत मिसळून पसरट कुंडीत वरच्यावर भुरभुरावे. त्यावर माती लोटू नये. वरून पाणी घातल्यास बी वाहून जाते, म्हणून कुंडी पाण्याच्या परातीत ठेवून तिला खालून पाणी पिऊ द्यावे. वर काच ठेवावी व रोज थोडा वेळ काढून हवा खेळू द्यावी. रोपे अतिशय लहान असतात. दाटी झाल्यास ती कुजतात, म्हणून विरळणी करावी.

रोपे वीतभर झाली की जुलै-ऑगस्टमधील झडीचा दिवस पाहून ती बागेत लावावीत. हातभर खोल खड्डा खणून त्यात तेच मातीचे मिश्रण भरावे आणि दोन झुडपांत तीन-चार फुटांचे अंतर ठेवावे. पहिल्या उन्हाळ्यात आठवड्यातून एकदा पाणी द्यावे व मुळाशी वाळल्या पाल्याचे आच्छादन घालावे. पुढे मूळ खोल गेले म्हणजे ती पाण्यावाचून उन्हाळा काढू शकतात. गुरे तरवडास सहसा तोंड लावीत नाहीत, त्यामुळे राखणीचाही त्रास कमी.

पाण्याची ही बचत आपल्या भागात लहानसहान गोष्ट नव्हे. १९८२ पर्यंत आपल्याच जिल्ह्यात असलेल्या लातूरला एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, हे पालकांना आठवत असेल. ज्या घरात पिण्याचे पाणी घागरीने मोजून घ्यावे लागते, तेथे परदेशी फुलझाडांना रोज बादलीभर पाणी घालणे शोभत नाही. आणि फुलांवाचून अंगण ओकेबोके ठेवणेही मनास बरे वाटत नाही. माळाची झुडपे या दोहोंतून वाट काढून देतात.

शिवाय ती एकटी येत नाहीत. तरवडाच्या फुलात मध नसतो. त्याचे पराग नळीसारख्या परागकोशांत कोंडलेले असतात. भुंगा फुलास धरून अंग थरथरवितो व गुणगुणतो, तेव्हा टोकाच्या छिद्रांतून पराग झडतात. सकाळी कान देऊन ही गुणगुण ऐकावी. काही फुलपाखरांचे सुरवंट याच पानांवर वाढतात. थोडी पाने खाल्ली गेली म्हणून त्यांना मारू नये. नवरात्रात घटास तरवडाच्या फुलांची माळ वाहण्याची चाल आपल्याकडे आहे, आणि शेजारच्या तेलंगणात ‘तंगेडू’ या नावाने हेच फूल बतुकम्मा सणात मानाचे असून ते त्या राज्याचे राज्यफूल आहे.

विद्यार्थ्यांनी येत्या उन्हाळ्याच्या सुटीत एक सोपा प्रयोग करून पाहावा. तरवडाचे वीस निकोप बी घ्यावे. दहा जसेच्या तसे व दहा उष्ण पाण्यात भिजवून दोन निरनिराळ्या डब्यांत पेरावे. रोज किती उगवले हे वहीत तारखेनिशी लिहावे. पहिल्या महिन्यात दुसरा डबा पुढे जाईल. पण पहिल्या डब्याची माती फेकून देण्याची घाई करू नये. तो डबा अंगणाच्या कोपऱ्यात ऊनपावसात ठेवावा आणि पुढच्या मृगात पुन्हा पाहावा. जे बी वर्षभर स्वस्थ होते, त्यांतील एखादे त्या वेळी मान वर काढील, आणि माळाने दुष्काळांतून आजवर कसा निभाव लावला हे पुस्तकावाचून समजेल.