लॅपटॉप आपला, खातं कोणाचं?

भाचीला इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला आणि ताईने तिला नवा लॅपटॉप घेऊन दिला. देवापुढे ठेवून हळद-कुंकू वाहिलं, पेढे वाटले. 'सगळं सेट करून दिलंय, लगेच वापरायला घ्या,' असं दुकानात सांगितलं होतं. चार महिन्यांनी, सबमिशनच्या आदल्या रात्री, लॅपटॉप सुरू केला तर समोर निळा पडदा: रिकव्हरी की टाका. ४८ आकड्यांची ही किल्ली घरात कोणालाच ठाऊक नव्हती.

झालं होतं असं की, विंडोज ११ च्या बहुतेक नव्या लॅपटॉपमध्ये मायक्रोसॉफ्ट खात्याने साइन-इन केलं की डिस्कवरचा सगळा मजकूर आपोआप कुलूपबंद होतो. सोय चांगलीच आहे. लोकलमध्ये लॅपटॉप चोरीला गेला आणि चोराने डिस्क काढून दुसऱ्या कॉम्प्युटरला जोडली, तरी त्याच्या हाती काही लागत नाही. रोजच्या वापरात हे कुलूप आपल्याला जाणवतही नाही, कारण टीपीएम नावाची चिप ते परस्पर उघडते. पण मदरबोर्ड बदलला किंवा बायॉस अपडेट झालं, की या चिपला शंका येऊ शकते. मग विंडोज आपल्याकडे किल्ली मागतं. ती नसेल, तर खुद्द मायक्रोसॉफ्टही कुलूप उघडून देऊ शकत नाही.

किल्ली जपून ठेवलेली असते ती खात्यात. भाचीच्या लॅपटॉपवरचं खातं दुकानातल्या मुलाने स्वतःच्या ईमेलवर उघडलं होतं आणि तो नोकरी सोडून गेला होता. दुसऱ्या दिवशी दुपारी त्याचा फोन लागला, म्हणून फाइली वाचल्या. सबमिशनची वेळ मात्र टळून गेली होती.

म्हणून माझं कळकळीचं सांगणं आहे: लॅपटॉप दुकानातून सेट करून आणू नका. पहिल्या दिवशी घरी तासभर बसा आणि खातं ज्याचा लॅपटॉप त्याच्याच ईमेलवर उघडा. सोबत मिळालेलं ऑफिसही खात्यालाच जोडलं जातं, तेव्हा तेही आपल्याच खात्यावर सुरू करा. डेस्कटॉपवरच्या फाइली वनड्राइव्हवर जात आहेत का, ते पाहा. तिथे फुकट जागा फक्त ५ जीबी असते आणि फोटोंनी ती लवकर भरते.

५१२ जीबीची डिस्क ४७६ जीबी दिसली तर फसवणूक झाली असं समजू नका. कंपनी हजाराच्या पटीत मोजते, विंडोज १०२४ च्या. फरक तेवढाच.

आणि भाषेच्या सेटिंगमध्ये मराठी जोडा. इन्स्क्रिप्ट येत नसेल तर फोनेटिक कीबोर्ड निवडा. विंडोज आणि स्पेस या दोन कळा एकत्र दाबल्या की इंग्रजीवरून मराठीवर येता येतं. विंडोजमध्ये वर्षानुवर्षं देवनागरी ज्या 'मंगल' फॉन्टमध्ये दिसत आली, तो घडवला र. कृ. जोशी या मराठी अक्षरकाराने. आपल्या अक्षरांची सोय तिथे आहे. ती वापरायला हवी.

भाचीने आता स्वतःच्या ईमेलवर खातं उघडलं आहे. ते ४८ आकडे, सहा-सहाचे आठ गट करून, तिने वहीच्या पानावर लिहिले. ताईने दोनदा ताडून पाहिले आणि ते पान कपाटातल्या फाइलमध्ये, लॅपटॉपच्या बिलामागे लावून ठेवलं.