विश्लेषण : लोकर, सूत की ॲक्रेलिक? विदर्भाच्या थंडीत घरी विणलेल्या कानटोपीचे गणित आणि तिचे मोल

डिसेंबर उजाडला की विदर्भात कपाटाच्या वरच्या खणातले स्वेटर खाली येतात. त्यांच्याबरोबर अनेक घरांत क्रोशाची सुई आणि लोकरीचे गुंडेही बाहेर निघतात. दुपारचा चहा घेता घेता नातवाची टोपी, मुलीचा मफलर, आजोबांचे पायमोजे तयार होतात. पण यंत्रावर विणलेली टोपी शे-दीडशे रुपयांत मिळत असताना घरी विणणे परवडते का? धागा कोणता घ्यावा? आणि या कामात गेलेले तास मोजायचे की नाही? हा शेवटचा प्रश्न वर्धा जिल्ह्यातील पवनारच्या इतिहासाशी थेट जोडलेला आहे.

विदर्भातील थंडी वेगळी कशी?

हिवाळ्यात येथील हवा कोरडी आणि आकाश निरभ्र असते. त्यामुळे दिवसभर तापलेली जमीन रात्री वेगाने उष्णता गमावते. दुपारी पारा २८-३० अंशांपर्यंत जातो, तर पहाटे तो १० अंशांच्या आसपास किंवा त्याखालीही येतो. म्हणजे येथे दिवसभर अंगात ठेवायच्या जाड स्वेटरपेक्षा सकाळी घालून अकराला काढून ठेवता येतील अशा वस्तू जास्त उपयोगी पडतात. कानटोपी, मफलर, हातमोजे या नेमक्या तशाच वस्तू आहेत, आणि थोड्या धाग्यात होणाऱ्याही.

धागा कोणता घ्यावा?

ऊब धाग्यापेक्षा त्यात अडकलेल्या हवेमुळे मिळते. त्यामुळे निवड करताना पुढील गोष्टी पाहाव्यात.

• लोकर : तंतू मुळातच कुरळे असल्याने हवा धरून ठेवतात. वजनाच्या सुमारे ३० टक्के ओलावा शोषूनही लोकर ओली लागत नाही. मात्र गरम पाण्यात ती आटते. थंड पाण्यात धुऊन, न पिळता, सावलीत आडवी वाळवावी.

• सूत : त्वचेला मऊ, धुवायला सोपे. लोकरीने टोचते अशांसाठी चांगले. पण जड असल्याने सुती मफलर लोंबतो आणि घाम आला की लवकर सुकत नाही.

• ॲक्रेलिक : दुकानात ‘लोकर’ म्हणून मिळणारे बहुतेक स्वस्त गुंडे याचेच असतात. हलके, रंगीत, टिकाऊ. पण हा कृत्रिम धागा आहे. तो पेट घेतो, वितळतो आणि त्वचेला चिकटतो.

पहाटेच्या शेकोटीजवळ किंवा चुलीसमोर बसणाऱ्यांसाठी हा फरक महत्त्वाचा ठरतो. सूतही पटकन पेटते. लोकर त्या मानाने उशिरा पेटते आणि वितळत नाही. घरातील वृद्धांना शेकोटीपाशी बसायची सवय असेल, तर लोंबती टोके असलेला ॲक्रेलिकचा मफलर टाळावा.

टोपीचे माप कसे काढावे?

कपाळावरून आणि कानांवरून डोक्याचा घेर मोजावा. तो ५४ सेंमी असेल, तर टोपीचा घेर ५० सेंमी ठेवावा. धागा ताणला जातो. या ५० ला ३.१४ ने भागले की साधारण १६ येतात. म्हणजे माथ्याची गोल चकती १६ सेंमी रुंद झाली की टाके वाढवणे थांबवायचे आणि कान झाकेपर्यंत सरळ विणत जायचे.

चकतीसाठी पहिल्या फेरीत १२ खांब, दुसरीत २४, तिसरीत ३६, चौथीत ४८ असा क्रम असतो. हे १२ कुठून आले? खांब त्याच्या रुंदीच्या साधारण दुप्पट उंच असतो. प्रत्येक फेरीला त्रिज्या दोन टाक्यांएवढी वाढली, की घेर सुमारे साडेबारा टाक्यांनी वाढतो. चकती वाटीसारखी वळू लागली तर वाढ कमी पडते आहे. कडेला झालर पडू लागली तर ती जास्त होते आहे. मध्यम जाडीच्या धाग्याला ४ ते ५ मिमीची सुई चालते.

बाळासाठी विणताना काय टाळावे?

नाड्या, मणी, बटणे आणि गोंडे नकोत. हातमोज्या-पायमोज्यांना जाळीदार नक्षी घेऊ नये, कारण इवली बोटे छिद्रांत अडकतात. आतील बाजूचे सुटे धागे कापून, टोके विणीत लपवून टाकावीत. असा धागा बोटाभोवती आवळला गेला तर रक्तपुरवठा थांबू शकतो. बाळ कारण नसताना रडत असेल, तर मोजे काढून बोटे पाहावीत.

सोबत चहा कोणता?

दूध-साखर घालून उकळलेला, आले किंवा गवती चहा टाकलेला चहा ही घराघरातील पद्धत आहे. चांगल्या प्रतीची पाने मात्र उकळायची नसतात. दार्जिलिंगसारख्या चहावर उकळते पाणी ओतून तीन-चार मिनिटे झाकून ठेवावे आणि गाळून घ्यावे. हिरव्या चहाला ८० अंशांच्या आसपासचे पाणी पुरते. त्याहून गरम पाण्यात तो कडवट होतो.

वर्ध्याजवळच्या सेवाग्रामला आश्रम उभारणाऱ्या गांधीजींना चहा शरीराला आवश्यक वाटत नव्हता. तरी १९४२ मध्ये पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये बंदिवासात असताना आरोग्यावर लिहिलेल्या पुस्तकात त्यांनी चहाची योग्य कृती सांगितली आहे. गाळणीत थोडी पाने ठेवून वरून उकळते पाणी ओतावे आणि खाली येणाऱ्या पाण्याचा रंग गवताच्या काडीसारखा फिका असावा, असे ते सुचवतात. उत्तम चहाचे जाणकार आजही याहून फार वेगळे सांगत नाहीत.

दोन सूचना. चहामुळे अन्नातील लोह कमी शोषले जाते, त्यामुळे रक्त कमी असलेल्यांनी जेवणानंतर किमान तासभर चहा टाळावा. दुसरे म्हणजे सोबत वर्ध्याचा गोरसपाक असेल, तर हात धुऊनच सुई धरावी. तुपाचा डाग लोकरीवरून सहज जात नाही.

क्रोशा यंत्रावर होतो का?

सुई-विणकामाची नक्कल करणारी यंत्रे कारखान्यांत सर्रास आहेत. क्रोशाचे मात्र तसे नाही. ‘क्रोशा यंत्र’ म्हणून ओळखली जाणारी यंत्रे प्रत्यक्षात वेगळ्या प्रकारची वीण काढतात. बाजारात दिसणारा खरा क्रोशा हा आजही कुणीतरी हाताने विणलेला असतो. तो फार स्वस्त मिळत असेल, तर त्या हाताला किती मिळाले, असा प्रश्न उरतो.

आंध्र प्रदेशातील नरसापूर हे क्रोशाच्या लेससाठी प्रसिद्ध आहे. तेथील घराघरात विणणाऱ्या स्त्रियांवर समाजशास्त्रज्ञ मारिया मीस यांचे पुस्तक १९८२ मध्ये आले. माल परदेशी जात होता, पण विणणाऱ्या बायका ‘गृहिणी’ आणि त्यांचे काम ‘फावल्या वेळचे’ मानले जात असल्याने मजुरी अत्यल्प राहिली, असे त्यांनी दाखवून दिले.

पवनारचा यात काय संबंध?

धाम नदीकाठच्या पवनारची ओळख क्रोशाची नव्हे, चरख्याची. पण प्रश्न तोच होता. विनोबा भावे वर्ध्याजवळच्या नालवाडीत १९३२ पासून राहत होते. दिवसभर सूत कातणाऱ्याचे त्या मजुरीत भागते का, हे पाहण्यासाठी त्यांनी स्वतः कताईच्या कमाईवर जगण्याचा प्रयोग केला. मजुरी किती तोकडी आहे, हे त्यातून दिसले. अखिल भारतीय चरखा संघाने कातणाऱ्यांना पोटापुरती मजुरी मिळावी हे धोरण १९३५ मध्ये स्वीकारले. खादी महाग होईल, हा आक्षेप तेव्हाही होता.

प्रकृती खालावल्यावर १९३८ मध्ये विनोबा पवनारला आले. तेथे १९५९ मध्ये त्यांनी स्त्रियांसाठी ब्रह्मविद्या मंदिर सुरू केले. शरीरश्रम हा तेथील जीवनाचा भाग ठरला.

मग टोपीची किंमत किती?

महाराष्ट्रात रोजगार हमीचा २०२५-२६ साठीचा दर दिवसाला ३१२ रुपये होता. आठ तासांनी भागले तर तासाला ३९ रुपये. सरावलेल्या हाताला एका टोपीसाठी चार तास लागतात असे धरले, तर नुसती मजुरी १५६ रुपये होते. त्यात धाग्याचे शंभर रुपये मिळवले की टोपी २५६ रुपयांची झाली. हा दरही अकुशल कामाचा आहे. क्रोशा हे कुशल काम.

घरच्यांसाठी विणताना कुणी पैसे मागत नाही आणि मागावेत असेही नाही. पण शेजारीण ‘एक मलाही करून दे, लोकर मी आणून देते’ असे म्हणते, तेव्हा हा हिशेब उपयोगी पडतो. बचत गटातून टोप्या विकायच्या असतील, तर तो आवश्यकच ठरतो. त्यासाठी पुढची टोपी सुरू करताना घड्याळ पाहून वेळ लिहून ठेवावी आणि संपल्यावर पुन्हा. एकूण तास गुणिले ३९, अधिक धाग्याचा खर्च. यापेक्षा कमी दर सांगितला, तर उरलेले पैसे विणणारीच्या पदरचे जातात.