‘टेम्पो’ची कुळकथा

गृहप्रपंचात ज्या वस्तूंचे नाव आपण वारंवार घेतो, त्यांच्या कुळाची चौकशी मात्र सहसा करीत नाही. बिऱ्हाड हलवावयाचे असो, लग्नाचे सामान कार्यालयात पोहोचवावयाचे असो, की गणपतीची मोठी मूर्ती घरी आणावयाची असो, कर्ता पुरुष एवढेच म्हणतो, ‘एक टेम्पो ठरवा.’ थोड्या वेळाने दारात एक मालवाहू गाडी येऊन उभी राहते. तिच्यावर निरनिराळ्या कारखान्यांची नावे असतात. ‘टेम्पो’ हे नाव बहुधा नसते. तरी कोणासही शंका येत नाही. शास्त्रकारांनी शब्दांचे यौगिक व रूढ असे भेद सांगितले आहेत, त्यांतील रूढीचे इतके ठसठशीत उदाहरण पुणेकरांच्या बोलण्यात दुसरे क्वचितच सापडेल. हे नाव आले कोठून, ही गाडी वाढली कशी, आणि तिच्या वाढीत आपल्यासारख्या कुटुंबांचा संबंध काय, हे आज थोडक्यात पाहावे असे आम्ही योजिले आहे.

प्रथम टेम्पोच्या पूर्वीची स्थिती. १९७१ साली आमचे बिऱ्हाड नारायण पेठेतील वाड्यातून सहकारनगरात गेले, तेव्हा आम्ही पाचवीत होतो. तांब्याचा बंब, दोन फडताळे, पाटांची चळत, जाते, पुस्तकांच्या पेट्या, हे सारे दोन हातगाड्यांवर चढले. एक हमाल पुढे दांडी धरून ओढीत होता व दुसरा मागून छातीने रेटा देत होता. पर्वतीच्या पायथ्यावरून वर जाताना चढ लागला, तेव्हा पुढच्या हमालाच्या मानेच्या शिरा कशा फुगल्या होत्या, हे आमच्या डोळ्यांसमोर अद्यापि आहे. नव्या घरी पोहोचल्यावर आमच्या आजीने त्या दोघांस गूळ व पाणी दिले. पाणी तिने वरून त्यांच्या ओंजळीत ओतले, हेही येथे लिहिले पाहिजे. कारण पुढे जे सांगावयाचे आहे त्याच्याशी त्याचा संबंध आहे.

आता टेम्पोचे मूळ. हा शब्द इटालियन असून त्याचा उगम ‘काल’ या अर्थाच्या लॅटिन शब्दात आहे. जर्मन लोक तो ‘गती’ या अर्थी वापरतात. जर्मनीतील हांबुर्ग येथे विडाल नावाच्या घराण्याने १९२० नंतरच्या दशकात तीनचाकी मालगाड्या करण्याचा उद्योग आरंभिला व त्यास ‘टेम्पो’ हे नाव दिले. तीनच चाके का, असा प्रश्न बालवाचकांस पडेल. १९२८ साली तेथे असा कायदा झाला की, चारांपेक्षा कमी चाकांच्या, लहान यंत्राच्या गाडीस कर नाही व चालकास परवाना नको. साहजिकच भाजीवाला, पाववाला, सुतार असे लहान धंदेवाले या गाडीकडे वळले. म्हणजे टेम्पोचा जन्मच मुळी अल्प भांडवलाच्या माणसासाठी झाला, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

ती गाडी आपल्याकडे आणण्याचे श्रेय नवलमल कुंदनमल फिरोदिया यांस आहे. हे मूळचे अहमदनगरचे (आताचे अहिल्यानगर), स्वातंत्र्याच्या चळवळीत भाग घेतलेले गृहस्थ. मनुष्याने मनुष्यास ओढावे हा प्रकार बंद व्हावा या विचारातून पुण्याच्या रस्त्यांवर ऑटोरिक्षा आणण्याच्या खटपटीतही त्यांचे नाव अग्रभागी आहे. १९५८ साली त्यांनी ‘बजाज टेम्पो’ ही कंपनी स्थापिली आणि विडाल कारखान्याच्या सहकार्याने ‘हान्झिआट’ या तीनचाकीची निर्मिती सुरू केली. आरंभ मुंबईत गोरेगाव येथे झाला व पुढे कारखाना पुण्याजवळ आकुर्डीस आला. मौज अशी की, जर्मनीत ही गाडी १९५६ सालीच बंद झाली होती. जी तेथे जुनी म्हणून बाजूस सारली गेली, तिने येथे पुढील कित्येक दशके संसार केला.

पन्नाशी उलटलेल्या वाचकांस ती आठवत असेल. पुढे लांबट नाक, त्याखाली एकच चाक, मागे दोन चाकांवर लाकडी फळ्यांचा हौदा. दोन सिलिंडरांचे यंत्र पुढच्या चाकावर बसविलेले असे व चालनाही त्याच चाकास मिळे. या रचनेमुळे मागील भागात यंत्राचे काही अंग नसे, हौदा सुटसुटीत राही, व किंमत आवाक्यात येई. परंतु गुणाच्या पोटीच दोष असतो. मागे ओझे फार झाले की पुढील चाक हलके होऊन चढावर घसरे. आणि भरधाव वळण घेतले तर तिवईसारखी गाडी एका अंगावर कलंडे. तरीही मंडई, भवानी पेठ, नाना पेठ येथील बोळांत जेथे मोठा ट्रक शिरत नाही तेथे ती शिरे, आणि हमालाच्या मानेवरचे ओझे तिने आपल्या हौद्यात घेतले.

१९६९ साली याच कारखान्यातून ‘मॅटाडोर’ ही चारचाकी बाहेर पडली. मॅटाडोर म्हणजे बैलाशी झुंज घेणारा स्पॅनिश मल्ल. पुण्याच्या आसमंतातील बैलगाड्यांस मागे सारणाऱ्या गाडीस हे नाव अजाणता फारच शोभून गेले! तिचे यंत्रही पुढील चाकांस चालना देई. त्यामुळे मागील चाकांपर्यंत जाणारा दांडा नसे व तळ जमिनीलगत ठेवता येई. ओझे कमरेइतके उचलले की काम भागे. एकाच सांगाड्यावर कोणी मालाचा हौदा बसवी, कोणी शाळेच्या मुलांसाठी बाके टाकी, कोणी रुग्णवाहिका करी. पुढे विडाल यांचा कारखाना हानोमागकडे व नंतर डेमलर-बेंझ यांजकडे गेला आणि जर्मनीत टेम्पो हे नाव लोपले. पुण्याच्या कंपनीनेही २००५ साली ‘फोर्स मोटर्स’ असे नामांतर केले. माहेर गेले, सासरचे नाव बदलले, तरी लोकांच्या जिभेवरचे नाव गेले नाही.

दुसरा प्रवाह पिंपरीचा. टाटांनी जमशेदपूर येथे १९५४ पासून डेमलर-बेंझ यांच्या साह्याने मोठे ट्रक बांधले होते. पुण्याजवळील त्यांचा कारखाना १९६६ साली सुरू झाला व तो सुमंत मूळगावकर यांच्या दृष्टीखाली वाढला. १९८० नंतर चार जपानी कंपन्या भारतीय भागीदारांसह हलके ट्रक घेऊन उतरल्या, तेव्हा आपल्या कारखान्यांचे कसे होणार ही चिंता सर्वत्र होती. १९८६ साली टाटांनी ‘४०७’ ही गाडी काढून तिला उत्तर दिले. १९८८ साली ‘टाटामोबाइल’ आली. त्या काळी मोबाइल म्हणजे दूरध्वनी असे कोणी समजत नसे. पुढे बंद खोली व मागे उघडा हौदा अशी ही गाडी अमेरिकन लोक ज्यास ‘पिकअप’ म्हणतात त्या जातीची होती. तिच्याच पायावर पुढे प्रवाशांसाठी ‘सिएरा’ (१९९१) व ‘सुमो’ (१९९४) या गाड्या उभारण्यात आल्या. सुमो हे नाव सुमंत मूळगावकर यांच्या नावाच्या आद्याक्षरांवरून ठेविले आहे.

पिकअपचे नाव निघालेच आहे, तर तिच्या मूळ देशाकडे क्षणभर दृष्टी टाकू. हेन्री फोर्ड यांनी १९१७ साली एक टन ओझ्याचा सांगाडा काढला व १९२५ साली कारखान्यातूनच हौदा जोडून दिलेली पिकअप विकावयास आणिली. शेतकरी तिच्यातून कणसे, दुधाची भांडी व रविवारी मुलेबाळे नेई. १९४८ साली तिचा ‘एफ’ हा वंश सुरू झाला. अर्धा टन ते तीन टन अशा आठ प्रती त्यात होत्या. १९७५ साली त्यात ‘एफ-१५०’ ही गाडी आली, आणि त्यानंतर थोड्याच वर्षांत हा वंश त्या देशातील मालवाहू गाड्यांत खपाच्या अग्रस्थानी जाऊन बसला व पुढे चार दशकांहून अधिक काळ तेथेच राहिला. परंतु त्याचे रूप पालटत गेले. बैठकीची एक ओळ होती तेथे दोन झाल्या, शीतयंत्र आले, गाद्या आल्या, पुढील खोली वाढली व कित्येक गाड्यांचा हौदा आखूड झाला. तेथील पुष्कळ गृहस्थ आज ती कचेरीत जाण्यासाठी वापरतात आणि हौदा रिकामाच असतो. ओझ्याची गाडी तेथे मिरवण्याची गाडी झाली. आपल्याकडील टेम्पोचा हौदा मात्र सहसा रिकामा दिसत नाही. येताना कांदा-बटाटा असेल तर जाताना रिकाम्या क्रेट तरी असतातच.

हा भेद २००५ सालच्या ‘एस’ या गाडीत स्पष्ट दिसतो. गिरीश वाघ यांच्या नेतृत्वाखाली टाटांच्या तरुण मंडळींनी ती सिद्ध केली. दोन सिलिंडरांचे, सुमारे सातशे घनसेंटिमीटरचे डिझेल यंत्र. बळ सोळा अश्वशक्तींचे. वाहणार पाऊण टन. किंमत आरंभी सव्वादोन लाख रुपयांच्या आसपास. मोठे महामार्ग झाल्यामुळे अवजड ट्रक शहराबाहेर थांबू लागले होते व गल्लीतील दुकानापर्यंत माल नेण्यास लहान, परंतु भरवशाची गाडी हवी होती. ती बांधण्यापूर्वी तीनचाकी चालविणाऱ्या लोकांस ‘तुम्हांस काय पाहिजे?’ असे जाऊन विचारण्यात आले. त्यांतील एकाने उत्तर दिले की, आपल्याजवळ चारचाकी असती तर गावाकडे लग्नास चांगले स्थळ मिळाले असते. ही गोष्ट उद्योगविषयक लेखनात पुष्कळदा सांगितली जाते आणि आम्हांस ती फार अर्थपूर्ण वाटते. त्या मनुष्यास चौथे चाक तोल सांभाळण्यासाठी हवे होतेच, पण त्याहून अधिक ते प्रतिष्ठेसाठी हवे होते. लोकांनी या गाडीस ‘छोटा हत्ती’ म्हटले. हत्ती म्हटला की हौदा आलाच! आरंभी पुण्यात व पुढे उत्तराखंडात पंतनगर येथे तयार झालेल्या या गाड्या वीस लाखांहून अधिक विकल्या गेल्या. २०२२ साली तिची विजेवर चालणारी आवृत्तीही निघाली.

येथवरचा इतिहास यंत्राचा झाला. हातगाडी ओढणारा उन्हापावसात गाडीच्या पुढे पायी चाले. तीनचाकीत त्यास छप्पर मिळाले. चारचाकीत दार, काच व पाठ टेकावयास आसन मिळाले. पूर्वीचा हमाल हातगाडी भाड्याने आणी. आजचा टेम्पोवाला बहुधा स्वतः मालक असतो. त्याच्या गाडीच्या एका अंगास ‘आईवडिलांचा आशीर्वाद’ व दुसऱ्या अंगास कर्ज देणाऱ्या पतसंस्थेचे नाव रंगविलेले असते. तो हमालापेक्षा सुखी आहे यात शंका नाही. मात्र मानेवरचे ओझे उतरून त्या जागी दरमहाचा हप्ता येऊन बसला आहे.

गेल्या वर्षी आमच्या पुतण्याचे बिऱ्हाड सदाशिव पेठेतून बाणेरकडे एका उंच इमारतीत गेले. टेम्पो सकाळी नऊ वाजता आला. चालक करमाळ्याकडील पंचविशीतील तरुण होता. ठरलेल्या भाड्यातून आम्हीच घासाघीस करून तीनशे रुपये कमी केले होते व त्या चातुर्याचे आम्हांस कौतुकही वाटत होते. नव्या इमारतीत सामानासाठी उद्वाहक दुपारी दोननंतरच मिळेल असा नियम निघाला. आम्ही सारे वर जाऊन डबे उघडून जेवलो. तेव्हा पुतण्याच्या नऊ वर्षांच्या मुलीने विचारले, ‘आजोबा, टेम्पोवाले काका कुठे जेवले?’ आम्ही खाली गेलो. तो हौद्याच्या सावलीत बसला होता. जेवणाचे विचारताच म्हणाला, ‘राहू द्या आजोबा. दुपारचं एक भाडं होतं, ते गेलं. आज पाच तारीख, हप्ता आहे.’ हे तो कुरकुरीच्या सुरात बोलला नाही, म्हणूनच आम्हांस अधिक लागले. कमी केलेले तीनशे व वर गेलेल्या भाड्याची भरपाई आम्ही त्याच्या हातावर ठेविली. त्यास वर नेऊन सर्वांच्या पंगतीत जेवावयास बसविले, तेव्हा तो संकोचाने टोकाशी बसला आणि ताट स्वतःच विसळू लागला.

त्या वेळी आम्हांस आजीची ओंजळ आठवली. तिने निदान आठवणीने पाणी दिले, पण ते वरून ओतले. आम्ही शिवाशिव मानीत नाही असे अभिमानाने सांगतो, आणि पाण्याची आठवणच ठेवीत नाही. दोहोंतील कोणते अंतर अधिक, याचा निवाडा वाचकांनीच करावा.

म्हणून आमची कुटुंबांतील वडील मंडळींस विनंती आहे. टेम्पो ठरविताना थांबण्याचा मोबदला आधीच बोलून ठेवावा. इमारतीचे नियम आदल्या दिवशी विचारून घ्यावे. पाऊण टनाच्या गाडीत सव्वा टन भरण्याचा आग्रह धरू नये. तुटणारा पाटा व होणारा दंड त्याच्या माथी येतो. आणि घरातील मुलांस जेवणाच्या वेळी खाली पाठवून विचारावयास सांगावे. मुलांस हे सुचते. आपण त्यांस ते विसरावयास शिकवू नये, म्हणजे झाले.