मातीतला कार्बन मातीतच राहू द्या!

चांगली मशागत म्हणजे खोल नांगरट, असे आपण ऐकत आलो आहोत. मग एखादा मृदाशास्त्रज्ञच ‘नांगरू नका’ असे सांगू लागला, तर? डॉ. रतन लाल यांनी तसे सांगितले. पण आधी प्रयोग करून पाहिले.

त्यांचा जन्म १९४४ साली पश्चिम पंजाबातील एका शेतकरी कुटुंबात झाला. फाळणीनंतर हे कुटुंब आजच्या हरियाणात आले. लुधियाना व दिल्ली येथे शेतीचे शिक्षण घेऊन १९६८ साली ते अमेरिकेतील ओहायो स्टेट विद्यापीठाचे डॉक्टर झाले. १९७० पासून नायजेरियातील इबादान येथे त्यांनी संशोधन सुरू केले.

तेथे जंगल तोडून नांगरलेल्या जमिनीवर पाऊस कोसळला, की वरचा सुपीक थर वाहून जाई. लाल यांनी काही तुकडे न नांगरता पेरले आणि पिकांचा पालापाचोळा जमिनीवरच पसरून ठेवला. या झाकलेल्या जमिनीतून माती फारच थोडी वाहून गेली.

याचा हवामानाशी काय संबंध? वनस्पती हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन वाढतात. त्यांची मुळे व पाने मातीत कुजली, की काही कार्बन ह्यूमसच्या रूपाने मातीच्या बारीक खड्यांत अडकून राहतो. नांगराने हे खडे फुटतात, आत हवा शिरते आणि सूक्ष्मजीव ह्यूमस झपाट्याने खाऊ लागतात. त्यांच्या श्वसनातून तो कार्बन पुन्हा हवेत जातो. जगातील मातीच्या वरच्या एक मीटर थरात सुमारे १५०० अब्ज टन सेंद्रिय कार्बन आहे. हवेतल्या कार्बनपेक्षा हा साठा कितीतरी मोठा आहे!

१९८७ साली लाल ओहायोला परतले. माती किती कार्बन धरू शकेल, हा त्यांच्या अभ्यासाचा मुख्य विषय झाला. २०२० साली त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला.

मात्र माती हे अथांग कोठार नव्हे. काही दशकांत ते भरत येते आणि पुन्हा नांगर फिरला, की रिते होऊ लागते. शिवाय न नांगरता साठणारा कार्बन मुख्यतः वरच्या थरातच असतो. म्हणून कोळसा व पेट्रोल कमी जाळण्याला पर्याय नाही.

तुम्हीही एक प्रयोग करा. दोन पसरट डब्यांत सारखीच माती भरा. एका डब्यातील माती वाळलेल्या पानांनी झाका. दोन्ही डबे थोडे तिरपे ठेवून झारीने सारखेच पाणी घाला. खाली आलेले पाणी काचेच्या पेल्यांत धरा आणि कोणते अधिक गढूळ आहे ते पाहा. मग सांगा, उसाचे पाचट जाळावे, की शेतातच राहू द्यावे?